मालपासच्या नाक्यावर अडलेली बस

शुक्रवार, २९ जानेवारी २०१०. हैतीतून डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जाणाऱ्या रस्त्यावर मालपास नावाचा सीमानाका आहे. तिथे हैतीच्या पोलिसांनी एक बस अडवली. बसमध्ये ३३ मुलं होती. सर्वांत मोठं १२ वर्षांचं आणि सर्वांत लहान अवघ्या दोन महिन्यांचं तान्हं. सोबत १० अमेरिकन होते, ५ बायका आणि ५ पुरुष. बहुतेक जण आयडाहो राज्यातल्या मेरिडियन आणि ट्विन फॉल्स या गावांतल्या दोन बाप्टिस्ट मंडळ्यांचे, म्हणजे चर्चचे, सभासद, बाकीचे टेक्सास आणि कॅन्ससमधले. मुलांना देशाबाहेर न्यायला जी कागदपत्रं लागतात, ती त्यांच्याकडे नव्हती. दहाही जणांना अटक झाली आणि पुढचे काही आठवडे ही बातमी जगभर गाजली.

शॉर्ट-टर्म मिशनचा, म्हणजे चर्चच्या गटांनी थोड्या दिवसांसाठी परदेशी सेवेला जाण्याचा, विषय निघाला की हे प्रकरण हटकून येतं, आणि आलं की लगेच बाजूला सारलं जातं. ‘ती भलतीच केस, आम्ही कुठे मुलं उचलून आणणार आहोत?’ असं म्हणून. मला ते पटत नाही. शेवटचा दिवस वगळला तर त्या सहलीत नवल वाटावं असं फारसं काही नव्हतं. प्रार्थना झाली, वर्गणी गोळा झाली, कपडे आणि सामान जमलं, लोकांनी कामावरून सुट्ट्या काढल्या, कुणी वडील-मुलगा मिळून निघाले, कुणी आई-मुलगी. हजारो मंडळ्या दरवर्षी जे करतात तेच. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांच्या त्या काळातल्या अंदाजाप्रमाणे एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख प्रौढ चर्च-सभासद अशा फेऱ्यांवर परदेशी जात होते. त्यातली ही एक. म्हणूनच ती मुळापासून पाहायला हवी.

आधी काय घडलं होतं

१२ जानेवारीला संध्याकाळी पाचला काही मिनिटं कमी असताना हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्रबिंदू राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या पश्चिमेला, लेओगानजवळ. किती माणसं गेली यावर आजही एकमत नाही. सरकारी आकडा ३ लाखांच्या वर जातो, इतर अंदाज त्याहून बरेच खाली आहेत. सुमारे १५ लाख लोक बेघर झाले. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद कोसळला, न्यायालयाची मुख्य इमारत कोसळली, मंत्रालयं आणि त्यांच्याबरोबर दप्तरंही ढिगाऱ्याखाली गेली.

त्या दिवसांत दूरचित्रवाणीवर एक आकडा सतत फिरत होता. भूकंपाच्या आधीच हैतीत ३ लाख ८० हजार अनाथ मुलं होती, आता किती झाली असतील? आकडा युनिसेफचा होता आणि खोटा नव्हता. पण युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा वडील यांपैकी एक जण गेलेलं मूलही अनाथ धरतात. आईजवळ राहणारं, बाप वारलेलं मूल त्यात येतं. आजी-आजोबांकडे वाढणारंही येतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र रस्त्यावर एकटं बसलेलं पोर उभं राहतं.

कागदावरची योजना

या गटाची प्रमुख बाई भूकंपाच्या आधीपासून डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बालकाश्रम काढण्याच्या खटपटीत होती. नोव्हेंबर २००९ मध्ये तिने आयडाहोत ‘न्यू लाइफ चिल्ड्रन्स रेफ्युज’ नावाची संस्था नोंदवली. आश्रम बांधून व्हायचा होता. भूकंप झाल्यावर तिने उत्तर किनाऱ्यावरच्या काबारेते गावात ४५ खोल्यांचं एक हॉटेल तात्पुरतं भाड्याने घेण्याचं ठरवलं आणि योजना पुढे ओढली.

मंडळ्यांमध्ये वाटलेलं योजनेचं टिपण नंतर सगळ्यांनी वाचलं. त्यातलं मुख्य काम एका ओळीचं होतं. डॉमिनिकन राजधानी सांतो दोमिंगोहून बस घेऊन पोर्ट-ओ-प्रिन्सला जायचं, रस्त्यांवरून आणि पडलेल्या अनाथालयांतून १०० अनाथ मुलं गोळा करायची आणि परत फिरायचं. पुढे पोहण्याचा तलाव, फुटबॉलचं मैदान, शाळा. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या जोडप्यांना कायद्याप्रमाणे काही आठवडे देशात राहावं लागतं, त्यांच्यासाठी समुद्राकाठी निवास.

१०० हा आकडा कुठून आला? हैतीत कुणाशी बोलून तो काढल्याची खूण टिपणात नाही. मुलं कोण आहेत, त्यांचं मागे कुणी आहे का, हे कोण तपासणार, त्याला किती दिवस लागतील, याला वेळापत्रकात जागाच ठेवलेली नव्हती. बस कधी निघणार आणि कधी परतणार, एवढं मात्र ठरलेलं होतं. सगळ्या प्रकरणात मला हाच कागद सर्वांत जास्त बोलका वाटतो, अगदी नंतरच्या आरोपपत्राहूनही.

कालेबास

रस्त्यांवर १०० अनाथ मुलं सापडली नाहीत. सापडणारही नव्हती. आई-बाप दगावलेल्या मुलांना बहुधा मावशी, आजी, शेजारीण असं कुणीतरी आधीच पोटाशी धरलेलं होतं. शोध घेत गट राजधानीच्या वरच्या डोंगरातल्या कालेबास नावाच्या वस्तीपर्यंत पोहोचला. तिथल्या ओळखीच्या एका तरुण दुभाष्यानं लोकांना मैदानात जमवलं. अमेरिकन लोक आलेत, मुलांना चांगल्या जागी नेणार आहेत, शिकवणार आहेत, असं सांगितलं. ३३ पैकी २० मुलं या एका वस्तीतून आली.

आई-बापांनी मुलं का दिली, याचं उत्तर ‘गरिबी’ या एका शब्दात उरकलं जातं आणि तिथेच चूक होते. हैतीतल्या बहुसंख्य प्राथमिक शाळा खाजगी आहेत, कितीतरी चर्चच्या आहेत, आणि फी भरल्याशिवाय मूल वर्गात बसत नाही. शिकायला मिळावं म्हणून मूल दुसऱ्याच्या घरी ठेवणं ही तिथली जुनी रीत आहे. तिचं बिघडलेलं रूप म्हणजे ‘रेस्तावेक’: शिक्षणाच्या आशेने शहरात पाठवलेलं पोर तिथे घरगडी होऊन राहतं. अनाथालयंही याच गरजेवर चालतात. तिथल्या मुलांपैकी सुमारे ८० टक्के मुलांची आई किंवा वडील, किंवा दोघंही हयात असतात, असं या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. अनाथालय हे तिथल्या गरीब आईच्या लेखी वसतिगृह असतं. मूल ठेवायचं, जमेल तेव्हा भेटायचं, दिवस पालटले की परत आणायचं.

दत्तक या शब्दाचंही तसंच. तेव्हा हैतीत १९७४ चा दत्तक कायदा लागू होता आणि त्याप्रमाणे मूल दत्तक दिल्याने जन्मदात्यांशी असलेलं नातं तुटत नव्हतं. अमेरिकन कायद्यात ते पूर्ण तुटतं. नातं कायमचं तोडणारा पूर्ण दत्तक हैतीच्या कायद्यात २०१३ मध्ये आला. म्हणजे २०१० मध्ये दुभाष्यानं शब्द अगदी बिनचूक फिरवला असता, तरी दोन्हीकडच्या लोकांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी असत्या. कालेबासच्या पालकांनी नंतर पत्रकारांना सांगितलं ते असं: मुलं शिकतील, आम्हाला भेटता येईल, असं आम्ही समजलो होतो. काहींच्या हाती पत्ता आणि फोन नंबरही दिलेला होता.

तेव्हा संमती होती का? होती. न्यायालयातही पालकांनी तसंच सांगितलं. पण घर पडलेलं आहे, पोटात अन्न नाही, पुन्हा पुन्हा जमीन हादरते आहे आणि बस उद्या निघणार आहे, अशा वेळी दिलेली ती संमती होती. आईला विचार करायला एक आठवडा मिळाला असता तर तिनं काय केलं असतं, ते आता कुणालाच कळणार नाही.

थांबवणारे किती जण भेटले

भूकंपानंतर हैती सरकारनं नवे दत्तक व्यवहार थांबवले होते. कुठलंही मूल देशाबाहेर जायचं असेल तर पंतप्रधान ज्याँ-मॅक्स बेलरिव्ह यांची स्वतःची परवानगी लागत होती. एवढी कडक अट कशासाठी, हेही लक्षात घ्यायला हवं. त्या सीमेवरून मुलांची तस्करी भूकंपाच्या आधीही होत होती आणि गोंधळाच्या दिवसांत तिला ऊत येण्याची धास्ती होती. दोन-सव्वादोन वर्षांपूर्वीच, २००७ मध्ये, आफ्रिकेतल्या चाड देशात ‘झोएज आर्क’ या फ्रेंच संस्थेचे लोक १०३ मुलांना विमानात बसवण्याच्या बेतात असताना पकडले गेले. ती मुलं सुदानच्या दारफूरमधली अनाथ आहेत असं म्हटलं जात होतं. प्रत्यक्षात बहुतेक मुलं चाडचीच निघाली, आणि घरदार असलेली.

२६ जानेवारीला, म्हणजे अटकेच्या तीन दिवस आधी, एका हैतीयन पोलिसानं या गटाला मुलांना बसमध्ये बसवताना पाहिलं आणि हे बेकायदा आहे असं सांगून रोखलं. २९ तारखेला खुद्द डॉमिनिकन वकिलातीतल्या अधिकाऱ्यानं गटप्रमुखाला बजावलं, की कागद पुरे नाहीत आणि सीमेवर तस्करीच्या आरोपाखाली पकडल्या जाल. त्याच दिवशी बस निघाली.

इथे वाचणारा म्हणेल, बाई हट्टी होती. असेलही. पुढे तुरुंगातून गटातल्या काहींनी एका पत्रकाराच्या हाती चिठ्ठी दिली, प्रमुख आमच्याशी खरं बोलत नाही अशा अर्थाची. तरीही एकीच्या स्वभावावर सगळं टाकून मोकळं होता येत नाही. उरलेले नऊ जण काय करत होते? ते आले होते थोड्या दिवसांसाठी. कुणाला कामावर परत रुजू व्हायचं होतं, कुणाला परतल्यावर मंडळीत साक्ष द्यायची होती, म्हणजे आपला अनुभव सांगायचा होता. हॉटेल ठरलं होतं, देणगीदारांना शब्द दिला होता. अशा गटाला रिकाम्या बसने परतणं म्हणजे अपयश वाटतं. मग पोलीस, वकिलात, सही-शिक्का हे सगळे वाटेतले अडथळे दिसू लागतात, आणि अडथळा दूर व्हावा म्हणून प्रार्थना सुरू होते. विश्वास ठेवणाऱ्या माणसांची ही अडचण खरी आहे, तिची थट्टा करण्यात अर्थ नाही. दार बंद होतं तेव्हा ते ढकलून पाहायचं की त्यालाच उत्तर मानायचं, हा प्रश्न येशूच्या प्रेषितांपासून चालत आलेला आहे. मात्र इथे दार बंद करणारी माणसं सीमेच्या दोन्ही बाजूंच्या देशांची अधिकारी माणसं होती, आणि तीन दिवसांत दोनदा त्यांनी तोंडानं सांगितलं होतं.

पुढचं थोडक्यात

४ फेब्रुवारीला दहाही जणांवर अपहरण आणि गुन्हेगारी कटाचे आरोप ठेवले गेले. १७ फेब्रुवारीला आठ जणांना सोडण्यात आलं, नववी मार्चमध्ये सुटली. गटप्रमुख मेपर्यंत तुरुंगात होती. अपहरणाचा आरोप टिकला नाही, कारण पालकांनी मुलं स्वखुशीने दिली होती. शेवटी हुकूमशहा ज्याँ-क्लोद दुव्हालिए यांच्या राजवटीतल्या १९८० च्या एका कायद्याखाली, देशाबाहेर बेकायदा प्रवास घडवून आणल्याबद्दल, ती दोषी ठरली. तोवर भोगलेला तीन महिन्यांहून थोडा जास्त तुरुंगवास हीच शिक्षा धरून तिला सोडलं.

मध्ये एक विचित्र प्रकार झाला. अटकेनंतर गटाचा कायदेशीर सल्लागार म्हणून पुढे आलेला माणूस खुद्द अल साल्वादोरमध्ये मानवी तस्करीच्या प्रकरणात हवा असलेला निघाला आणि मार्चमध्ये पकडला गेला. घाईत मदतीला धावून येणाऱ्याची चौकशी कोण करतो? कालेबासच्या लोकांनीही केली नव्हतीच.

मुलांना नाक्यावरून क्रुआ-दे-बुके इथल्या एसओएस बालग्रामात नेण्यात आलं. तान्ह्या बाळाला पाणी कमी पडल्यामुळे रुग्णालयात हलवावं लागलं. एक लहान मुलगी रडत सांगत होती, की मी अनाथ नाही, माझे आई-वडील आहेत. आई आपल्याला थोड्या दिवसांसाठी कुठल्याशा शिबिरात पाठवते आहे, अशी तिची समजूत होती. फेब्रुवारीतच असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातमीदारांनी घरोघर जाऊन शोध घेतला, तेव्हा ३३ पैकी एकही मूल अनाथ नसल्याचं निघालं. प्रत्येकाची आई किंवा वडील, कुणीतरी एक जिवंत होतं.

तेच शहर, तेच आठवडे

या गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल, कारण त्याच काळात थोड्या दिवसांसाठी आलेल्या ख्रिस्ती स्वयंसेवकांनी हैतीत कितीतरी हातपाय वाचवले. पोर्ट-ओ-प्रिन्सला लागून असलेल्या कारफूरमध्ये अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचं रुग्णालय आहे. भूकंपात ते पडलं नाही. बाहेरून अस्थिशल्यविशारद, भूलतज्ज्ञ, परिचारिका यांच्या तुकड्या तिथे पाळीपाळीने येत राहिल्या. तेही पाहुणेच, आणि परतीचं तिकीट त्यांच्याही खिशात होतं. पण रुग्णालय आधीपासूनचं होतं, तिथले कर्मचारी हैतीयन होते, रोग्याची नोंद तिथेच राहत होती. टाके घालणारा डॉक्टर शनिवारी गेला तर टाके काढायला सोमवारी दुसरं कुणी हजर होतं. पाहुण्याच्या कामाला सुरुवात आणि शेवट दोन्ही यजमानाच्या घरात होते.

काबारेतेच्या हॉटेलाला असं यजमान कुणी नव्हतं. हैतीतल्या एखाद्या मंडळीनं, पाळकानं (पास्टरनं), शाळेनं हे काम मागितलं होतं आणि परदेशी गट त्यात हातभार लावायला गेला, असं काही झालेलं नव्हतं. अटलांटात राहणारा एक हैतीयन पाळक मुलं शोधायला मदत करत होता हे खरं. पण दार दाखवणारा आणि घरमालक यांत फरक असतो.

पैशाचाही हिशेब बघायला हवा. होंडुरासमध्ये १९९८ च्या मिच वादळानंतर बांधलेल्या घरांचा अभ्यास कॅल्व्हिन कॉलेजचे प्राध्यापक कर्ट व्हेर बीक यांनी केला. स्थानिक ख्रिस्ती संस्था साधारण २,००० डॉलरमध्ये जे घर बांधत होती, तेच घर बांधायला येणाऱ्या उत्तर अमेरिकन गटाचा प्रवासासकट खर्च सरासरी ३०,००० डॉलर होता. घरात राहणाऱ्यांच्या आयुष्यात दोन्ही घरांमुळे काही वेगळा फरक पडलेला दिसला नाही. यावर नेहमीचं उत्तर असतं, की जाणाऱ्यांचं मन बदलतं, ते पुढे आयुष्यभर देत राहतात. व्हेर बीक यांनी तेही तपासलं, आणि परतलेल्यांच्या देण्यात टिकाऊ वाढ फारशी आढळली नाही.

मला या अभ्यासावरून फेऱ्याच बंद करा असं म्हणायचं नाही. कारफूरला शल्यविशारद लागत होता आणि तो विमानाने येणंच भाग होतं. कालेबासला मात्र बस लागतच नव्हती. तिथे ताडपत्री, धान्य, पिण्याचं पाणी आणि काही महिन्यांनी शाळा सुरू झाल्यावर मुलांची फी लागत होती. हे सगळं जागेवर देता आलं असतं, तेही तिथल्याच एखाद्या शाळेच्या किंवा मंडळीच्या हातून. त्यासाठी दहा जणांनी सुट्टी काढायची गरज नव्हती, आणि परत आल्यावर दाखवायला फोटोही फारसे मिळाले नसते. निर्णय कुठे फिरला असेल तर तो मला इथे दिसतो, मालपासच्या नाक्यावर पोहोचण्याच्या पुष्कळ आधी.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांचा संकटात समाचार घ्यायला, म्हणजे विचारपूस करायला, सांगितलं आहे. अशा फेऱ्यांच्या सभांत ते वचन हमखास वाचलं जातं. दोघांची नावं तिथे शेजारी शेजारी आली आहेत. विधवेच्या पदरात तिची मुलं असतात, आणि समाचार घ्यायचा तो तिच्या दारात जाऊन. मुलं तिकडून उचलून आणण्याचा विषय त्यात नाही.

हैतीनं पुढे नियम आवळले. देशांतर्गत आणि परदेशी दत्तकाची छाननी करणाऱ्या समाजकल्याण खात्याला जास्त अधिकार मिळाले आणि आंतरराष्ट्रीय दत्तकाविषयीचा हेग करार १ एप्रिल २०१४ पासून हैतीत लागू झाला. २०१० मध्ये मात्र मार्च महिन्यात एकेका आई-बापाची ओळख पटवून बालग्रामातून मुलं परत दिली गेली, आणि बहुतेक सगळी घरी पोहोचली. कालेबासमध्ये घरं अजून पडलेलीच होती. ज्या कारणांसाठी आयांनी मुलांना बसमध्ये बसवलं होतं, त्यांतलं एकही या दोन महिन्यांत सुटलेलं नव्हतं, आणि बस घेऊन आलेल्यांपैकी नऊ जण तोवर अमेरिकेत परतले होते.